नऊ नोव्हेंबरचा वारा

१

वहीतलं एक पान कुणीतरी कापून नेलं होतं, आणि नेणारा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पट्टी लावून, धारदार पात्याने, शिवणीला धक्का न लावता त्याने काम उरकलं होतं. आठ नोव्हेंबरनंतर उड्डाणवही थेट अकरा नोव्हेंबरवर जात होती. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण हेबे लार्राल्देने चौतीस वर्षं सान एवारिस्तोचं पोस्ट ऑफिस सांभाळलं होतं, आणि कुणी वाफेवर उघडून पुन्हा चिकटवलेलं पाकीट तिच्या हातून कधी तसंच पुढे गेलं नव्हतं.

तो मार्चचा शेवटचा रविवार होता आणि फ्लाइंग क्लबचाही शेवटचा. संध्याकाळी पाचला फाटकाला कुलूप लागणार होतं. सोमवारपासून गवताची धावपट्टी, हँगर आणि पलीकडचं एस्पादान्या तळं सगळंच अभयारण्यात जमा. बाहेर झाडाखाली बरगड्या निखाऱ्यांवर चढल्या होत्या, गावातली साठेक माणसं खुर्च्या घेऊन आली होती आणि माते नावाच्या कडू चहाचा पेला हातोहात फिरत होता. वही गावच्या संग्रहालयात जायची होती. तिच्यासोबत ठेवायची चिठ्ठी लिहायला म्हणून हेबे क्लबच्या स्वयंपाकघरात बसली होती. पाने चाळता चाळता तिचं बोट थांबलं.

नऊ नोव्हेंबर. नेमकी हीच तारीख!

त्या दिवशी आकिलेस बेर्तोनीने क्लबचं पिवळं विमान, म्हणजे सगळ्यांची लाडकी कनारिया, तळ्यावर एवढं खाली नेलं की काळ्या मानेचे हंस अंडी सोडून उठले, अशी निनावी तक्रार राजधानीत गेली होती. डिसेंबरात त्याला एकट्याला चौकशीला बोलावलं. परत आला तो परवाना तिथेच ठेवून. "म्हातारा झालो," एवढंच बोलला. क्लब चालू ठेवायचा अर्जही त्या तक्रारीपायीच फेटाळला गेला. ज्या माणसाने पंचवीस वर्षं दर वसंतात विमानातून हंस मोजून दिले, ज्याच्या मोजणीमुळे या तळ्याला अभयारण्य म्हणायला लोक तयार झाले, त्याच्या फाटकावर कुणीतरी खडूने 'हंसमाऱ्या' लिहिलं. त्याने ते पुसलंसुद्धा नाही.

हेबेला त्याचा फार राग आला होता. गप्प बसण्याचा. क्लब गेला तर गेला, जगात काय काय जातं. पण आकिलेसने आज संध्याकाळी या फाटकातून 'हंसमाऱ्या' म्हणून बाहेर पडायचं, हे तिला मान्य नव्हतं.

तिने वही नाकाशी नेली आणि दचकली. वहीला पिकलेल्या केळ्यांचा वास येत होता.

२

तो वास हँगरचा होता. विमानाच्या पंखांचं कापड ज्या डिंकाने चिकटवतात, त्याचा. चाळीस वर्षं तिच्या रविवारच्या कपड्यांना तो चिकटून घरी यायचा.

तिने शिवण तपासली. एक पान कापलं की त्याच्या जोडीचं, पुढे कुठेतरी असलेलं पान सुटं होतं. ते पान सुटं झालं होतं आणि कुणीतरी ते डिंकाची नाजूक रेघ ओढून परत बसवलं होतं. हेबे विचारात पडली. चोर कधी वहीची काळजी घेत नाही. ज्याने पान नेलं त्याचा या वहीवर जीव होता.

डिंक लावणारा हात कुणाचा, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि कळल्याचं तिला मुळीच आवडलं नाही. हँगरमध्ये ते काम एकटा आकिलेस करायचा.

म्हणजे लोक म्हणतात ते खरंच? पुरावा लपवला त्याने?

तिने मान वर केली. भिंतीवरची दोन घड्याळं टिकटिकत होती. एक सान एवारिस्तोचं. दुसरं 'जगाचं', तीन तास पुढचं. क्लब काढणारा म्हातारा केसलर तरुणपणी टपालविमानांचा रेडिओ सांभाळायचा. त्याचे नियम जगावेगळे. "आकाशाला गाव नसतं, मग वेळ गावाची कशाला?" असं म्हणून वहीत सगळी उड्डाणं जगाच्या घड्याळाने लिहायची, हा एक. दुसरा नियम त्याहून विचित्र होता. काहीही सांगायचं असलं तरी आधी वारा सांगायचा. वहीत वाऱ्याचा रकानाच नव्हता. "वारा लिहायचा नसतो, तो बदलतो. वारा सांगायचा असतो," असं केसलरचं म्हणणं. आधी वारा न सांगणाऱ्याकडे तो पाठ फिरवायचा, आणि वारा सांगितला की पुढचं कितीही मोठं असो, मध्येच तोडायचा नाही. आकिलेसने देलियाला याच टेबलाशी मागणी घातली तीसुद्धा "वारा उत्तरेचा, झोत आहेत, लग्न करशील का?" अशी. देलिया जाऊन सहा वर्षं झाली होती. मागणीच्या वेळची कॉफी हेबेनेच सांडली होती, हसता हसता.

ती उठली. पान गेलं असेल, पण जानेवारीत राजधानीने त्या पानाचा फोटो मागवला होता, आणि तो काढणारा माणूस बाहेर बरगड्यांवर मीठ टाकत होता.

३

क्लबचे अध्यक्ष ओदेरिगो जमिनींचे दलाल. हँगरच्या छपराचा खर्च केला म्हणून दोन वर्षांपूर्वी निवडून आलेले. विमानात मात्र एकदाच बसले होते, तेही डोळे मिटून.

"अध्यक्षसाहेब, मीठ पुरे. वहीच्या पानाचा फोटो आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की!" ओदेरिगोंनी एप्रनला हात पुसून फोन काढला. "बघा. मी काही लपवलेलं नाही. त्यांनी मागितलं, मी पाठवलं."

पडद्यावर आकिलेसचं तिरकं अक्षर होतं. कनारिया. उड्डाण १८:५५. उतरणं १९:४०. बेर्तोनी.

"मला सांगा हेबेबाई," ओदेरिगो आवाज खाली आणून म्हणाले, "दिवेलागणीला कशाला उडायचं या वयात? सूर्य बुडताना? हंस झोपायला आलेले असतात तेव्हा."

हेबे त्यांच्याकडे बघतच राहिली. "दिवेलागणीला?"

"सात चाळीस म्हणजे दिवेलागणच. नोव्हेंबरात तेव्हा सूर्य मावळतो."

"आणि आतलं दुसरं घड्याळ कशासाठी आहे, असं वाटतं तुम्हाला?"

"ते बिघडलेलं? मी दुरुस्तीला टाकणार होतो. पण आता क्लबच बंद होतोय, म्हटलं राहू दे."

दोन वर्षं अध्यक्ष, आणि घड्याळ बिघडलेलं! हसावं की रडावं तिला कळेना. चार चाळीसला भर उन्हात उतरलेलं विमान या माणसाने राजधानीला अंधारात उतरवून दाखवलं होतं, तेही मोठ्या प्रामाणिकपणे.

की प्रामाणिकपणे नव्हे? तळ्याच्या पूर्वेला ओदेरिगोंचे सहा प्लॉट विकायला होते. डोक्यावरून घरघरणारी विमानं बंद झाली तर त्यांचा भाव वाढणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"मावशी," मागून आवाज आला. अभयारण्याची रक्षक माइतेन हिरव्या गणवेशात उभी होती, काखेत जाडजूड फाइल. "संध्याकाळी कुलूप लावताना ही फाइल मला बंद करायचीय. त्याआधी तुम्ही वाचावी असं वाटतं. मला यातलं काहीतरी खटकतंय."

४

दोघी कनारियाच्या पंखाखाली सावलीत बसल्या. विमान उद्या दुसऱ्या गावच्या क्लबला जायचं होतं. त्याच्या चाकाला कुणीतरी रानफुलं बांधली होती.

"आधी माझं सांगते," माइतेन म्हणाली. "अंडी गेली ती विमानाने नाही. रविवारी, दहा तारखेला, वादळ झालं, पाणी चढलं आणि घरटी बुडाली. माझ्या अहवालात सहीनिशी आहे. पण पहिल्या पानापुढे वाचतो कोण? मी अभयारण्याच्या बाजूची आहे, मावशी. क्लब बंद व्हावा असंच माझं मत होतं आणि आहे. पण खोट्यावर नको."

तिने तक्रारीचा कागद पुढे केला. छापील, बिनसहीचा. आकिलेस सोडून गावातल्या कुणीही तो पाहिला नव्हता. क्लबला फक्त तारीख आणि आरोप कळवला होता.

हेबेने चष्मा चढवला.

'शनिवार, नऊ नोव्हेंबर. वारा आग्नेयेचा, बेताचा. सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी मी तळ्याच्या काठावर असताना पिवळे विमान घरट्यांवर अगदी खाली आले. सूर्य मावळला होता. हंस उठले आणि परतले नाहीत.'

तिने कागद मांडीवर ठेवला.

"नऊ नोव्हेंबरला संध्याकाळी तू कुठे होतीस?"

"फायरब्रिगेडच्या हॉलमध्ये. बिंगोला. सगळा गाव होता."

"आणि आकडे कोण ओरडत होतं?"

माइतेनचा हात तोंडावर गेला. "बेर्तोनी मास्तर!"

"'बावीस, दोन बदकं!' असं ओरडला आणि मी जिंकले. बक्षीस म्हणून डुकराची खारवलेली अख्खी मांडी. नाताळपर्यंत पुरली मला." हेबेचा आवाज चढला. "सात चाळीसला तो दोनशे माणसांसमोर माइक धरून उभा होता गं! हे पत्र लिहिणाऱ्याने काही पाहिलेलं नाही. वहीतला आकडा उचललाय आणि गावची वेळ समजून वर सूर्यास्त चिकटवलाय."

"म्हणजे ज्याला जगाचं घड्याळ माहीत नाही, असा कुणीतरी."

दोघींची नजर एकदमच निखाऱ्यांकडे गेली. अध्यक्षसाहेब चिमट्याने सॉसेज उलटत होते आणि गुणगुणत होते.

५

"ओदेरिगो," हेबे त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, "आज वारा कुठला आहे?"

"वारा?" ते गोंधळले. इकडेतिकडे बघितलं. धावपट्टीच्या टोकाला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी हलत होती, तिच्याकडे काही त्यांचं लक्ष गेलं नाही. "छान आहे की वारा. थंड."

"छान आहे!"

"का? काय झालं?"

"काही नाही. ते सॉसेज करपतंय."

ती परत फिरली. ओदेरिगो सुटले होते. ज्याला वारा 'छान' वाटतो, तो तारखेनंतर लगेच 'आग्नेयेचा, बेताचा' लिहिणार नाही. माइतेनही वारा नोंदवायची, पण अहवालाच्या तळाशी, ताशी इतके किलोमीटर असा. शिवाय स्वतःच्या सहीच्या अहवालाविरुद्ध ती निनावी पत्र कशाला लिहील? आधी वारा, मग बाकीचं, ही खोड केसलरच्या टेबलाभोवती वाढलेल्यांचीच.

पण त्या टेबलाभोवती वाढलेल्याला जगाचं घड्याळ माहीत असणारच!

वेळ परक्याची आणि वारा घरचा. एकाच कागदावर दोन्ही बसत नव्हते. बसत असतील तर एकाच प्रकारे: वेळ चुकून चुकलेली नव्हती. मुद्दाम चुकवलेली होती.

आणि मग हेबेला ती पोस्टकार्डं आठवली. तीस वर्षांपूर्वी रोसारिओहून दर आठवड्याला यायची. पोस्टकार्ड वाचायला परवानगी लागत नाही, निदान पोस्टमास्तरणीला तरी नाही. 'प्रिय पपा, वारा दक्षिणेचा, जोराचा. गणिताचा पेपर बरा गेला.' 'प्रिय पपा, वारा नाही. घरची आठवण येते.'

हँगरच्या मागे पंपाखाली आकिलेसची मुलगी नोएमी सॅलडची पानं धूत होती. गावच्या शाळेत गणित शिकवायची. सोळाव्या वर्षी बापाने तिला याच धावपट्टीवरून एकटं सोडलं होतं, आणि उतरल्यावर रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर इंजिनचं वापरलेलं तेल हेबेनेच ओतलं होतं.

"नोएमी, वारा कुठला गं?"

"ईशान्येचा, पडत चाललाय," ती मान वर न करता म्हणाली.

"आणि नऊ नोव्हेंबरला कुठला होता?"

पंपाचं पाणी वाहत राहिलं. नोएमीचे हात मात्र थांबले.

६

"सप्टेंबरात आम्ही दोघं वर होतो," ती म्हणाली. "तळ्यावर. पपा बोलता बोलता गप्प झाले. बघते तर मान छातीवर. बारा सेकंद, मावशी. मी मोजले. मीच दांडा धरला, मीच उतरवलं. शुद्धीवर आले तर म्हणतात, डुलकी लागली. कुणाला सांगायचं नाही, शपथ घातली. आणि पुढच्या शनिवारी परत वर गेले, एकटे!"

"मग डॉक्टरांना सांगायचंस."

"शपथ मोडली असती तर जन्मभर बोलले नसते माझ्याशी. म्हटलं, तक्रार झाली की चौकशी होते, चौकशीत तपासणी होते. डॉक्टरच थांबवतील त्यांना, मला काही बोलावं लागणार नाही. आणि वेळ मी मुद्दाम वहीतली घातली. आमच्यातला कुणीही ती बघून हसला असता. पपा म्हणाले असते, अहो, तेव्हा मी बिंगोला होतो! तक्रार फुसकी ठरली असती, नाव धुऊन निघालं असतं. दार उघडं ठेवलं होतं मी त्यांच्यासाठी." तिने ओला हात डोळ्यांवरून फिरवला. "ते हसलेच नाहीत. एक शब्द बोलले नाहीत. आणि त्या कागदावर क्लब बंद होतोय. रोज म्हणते सांगेन, रोज जीभ रेटत नाही."

हेबेला तिची कीव आली आणि तिच्या दोन मुस्काटातही द्याव्याशा वाटल्या. तिने दोन्ही केलं नाही. "चल," म्हणाली.

आकिलेस वाऱ्याच्या पिशवीखालच्या बाकावर एकटाच बसला होता. अंगात जुनं कातडी जाकीट, उन्हातसुद्धा. दोघींना येताना बघून तो बाकावर सरकला.

"ईशान्येचा, पडलाय," तो म्हणाला. "काय म्हणते हेबे?"

"पान दे, आकिलेस."

"कुठलं पान?"

"चोरी करावी आणि वर डिंकही लावावा? वही केळ्यांच्या दुकानासारखी वास मारतेय."

तो हसला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. "वही सुटी झाली असती गं. केसलर थडग्यातून उठून आला असता." त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "आज वही तू चाळणार हे ठाऊक होतं. तुझ्या नजरेला मी चाळीस वर्षं भितो. आकडा दिसला असता तर तू तक्रारीतली वेळ शोधून काढली असतीस, आणि तुला बिंगो आठवला असता. बिंगो आठवला की तू थांबली नसतीस."

"म्हणजे तुला कळलं होतं, तक्रार खोटी आहे हे."

"पहिल्याच ओळीला. चौकशीचा साहेब तक्रार वाचायला लागला, 'वारा आग्नेयेचा, बेताचा', आणि मला वाटलं, घरातलंच कुणीतरी बोलतंय." त्याने नोएमीकडे बघितलं नाही, पिशवीकडे बघितलं. "मी वेळेचं बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, मग खोटं लिहिलं कुणी? शोधलं असतं. शाळेतली बाई आहे ती. नोकरी गेली असती, नाव गेलं असतं. माझं काय, माझं उडून झालंय."

नोएमी त्याच्या पायांशी गवतात बसली होती. "पपा, मला वाटलं तुम्ही हसाल."

"हसलो असतो पोरी. पण तू किती घाबरली असशील, तेच डोक्यात राहिलं. बारा सेकंद होते ना?"

"बारा."

"मला वाटलं दोनच." त्याने तिच्या केसांवर हात ठेवला. "उतरवलंस मात्र झकास. चाकं टेकलेली कळलीसुद्धा नाहीत मला."

"कळणार कशी? झोपला होतात ना!"

हेबेने नाक शिंकरलं. पलीकडे ताटं मांडली जात होती. माइतेन फाइल घेऊन टेबलाच्या कडेला उभी होती, पेन उघडून.

"झालं तर मग," आकिलेस उठत म्हणाला. "हे आपल्या तिघांत. फाइल बंद होऊ दे. क्लब तर काही परत येत नाही."

"क्लब येत नाही," हेबे म्हणाली. पुढचं तिला बोलावं लागलं नाही. नोएमी उठून चालायला लागली होती.

ती लांब टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. साठ माणसं होती. फाटकावर खडूने लिहिणाराही त्यांत होता, आणि अर्धी तर तिच्या वर्गात पाढे शिकून मोठी झालेली. कोलाहल काही थांबेना. ओदेरिगो बरगड्यांचं ताट घेऊन "गरम आहे, गरम आहे" म्हणत मधूनच फिरत होते.

आकिलेस तिला थांबवायला निघाला. हेबेने त्याचं जाकीट धरून त्याला परत बाकावर बसवलं.

नोएमीने धावपट्टीच्या टोकाकडे बघितलं. नारिंगी पिशवी खांबाला चिकटून सरळ खाली लोंबत होती.

"वारा नाही," ती मोठ्याने म्हणाली.

टेबलावर एकेक करत काटे-सुऱ्या खाली ठेवल्या गेल्या. कुणीतरी ओदेरिगोंना कोपर मारून गप्प केलं. वारा सांगणाऱ्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, हा क्लबचा नियम होता, आणि पाच वाजेपर्यंत क्लब चालू होता.